जबाबात न लिहिलेलं वाक्य

नोकरीतल्या बऱ्याच प्रकरणांबद्दल मी आजवर बोललो आहे. निवृत्त पोलीस अधिकारी दिसला की लग्नात म्हणा, सोसायटीच्या गणपतीत म्हणा, लोक गाठतात आणि ‘एखादी केस सांगा की’ म्हणतात. मीही सांगतो. हे एक प्रकरण मात्र मी कधी सांगितलं नाही. त्या वर्षांचा विषय निघाला की मी पुढच्या बदलीच्या ठाण्याकडे वळायचो. विसरलो होतो असं कुणी समजू नये. रोज सकाळी दाढी करताना ती घटना मला आरशात दिसते. ती कशी, ते पुढे येईलच.

मागच्या महिन्यात माझी नात आली होती. तिला नाक सरळ करून घ्यायचं आहे. फोन माझ्यापुढे धरून म्हणाली, “आजोबा, हे आधी आणि हे नंतर. झकास ना?”

“या बाईला तू भेटलीस?” मी विचारलं.

“भेटायचं कशाला? फोटो आहे ना.”

मी तिला चार गोष्टी सांगायला लागलो आणि मधेच थांबलो. त्या मला कुठून कळल्या हे न सांगता त्या सांगणं मला जमेना. म्हणून हे लिहितो आहे. नावं कुणाचीच देत नाही.

काळ एकोणीसशे ऐंशीच्या दशकातला, मधल्या वर्षांतला. मध्य रेल्वेवरच्या एका उपनगरातल्या ठाण्यात मी उपनिरीक्षक होतो. एका अंगाला कारखाने, दुसऱ्या अंगाला नव्या सोसायट्या आणि मागे डोंगराच्या उतारावर वाढत जाणारी वस्ती. दारूच्या गुत्त्यावरच्या आणि नळावरच्या मारामाऱ्या रोजच्याच. डोकं फुटलेला माणूस ठाण्यात आला की त्याला महापालिकेच्या इस्पितळात पाठवायचं, तिथं नोंद व्हायची आणि शिपायाचा अख्खा दिवस रांगेत जायचा. जिथं दोन्हीकडच्यांना तक्रार करायची नसायची, तिथं आम्ही सोपा रस्ता काढला होता. बाजारातल्या गल्लीत एका डॉक्टरचा दवाखाना होता. तो टाके फार सुबक घालायचा. वर्दीवाला दिसला की रांग मोडून आत घ्यायचा. आमची जीप दिवसातून एकदा तरी त्याच्या दाराशी उभी असायची.

ती जीप तिथं उभी राहून काय करत होती, हे तेव्हा आमच्या डोक्यात आलं नाही. गल्लीतल्या लोकांना ती रोज दिसत होती. पोलीस ज्याच्याकडे जातात तो डॉक्टर पक्का, असं लोक धरून चालले होते. त्याच्या पाटीवर नावापुढे इंग्रजी अक्षरांची लांबलचक रांग होती. ती अक्षरं कशाची, हे आम्ही कधी विचारलं नाही. ठाण्याच्या हद्दीतल्या प्रत्येक पानवाल्याचं मूळ गाव आम्हाला ठाऊक होतं. डॉक्टरचं मात्र कुणी विचारलं नाही.

एका मोर्चाच्या बंदोबस्तात दगड लागून माझी डावी भुवई फाटली. रक्त डोळ्यात उतरलं. हवालदारांनी मला जीपमध्ये घातलं आणि त्याच्याकडे नेलं. महिन्याभरात खूण शोधावी लागेल इतकी ती जखम बुजली. मला त्याचं फार कौतुक. ठाण्यात कुणी आलं की मी मान पुढे करून सांगायचो, “सांगा बघू, कुठं फाटलं होतं?” पुढे त्या डॉक्टरने पाटीवर आणखी एक ओळ वाढवली. प्लास्टिक सर्जरीची. व्रण, डाग, गोंदण, कानाच्या फाटलेल्या पाळ्या. आम्ही पाटी वाचली आणि म्हणालो, बरोबर आहे, हात आहेच त्याचा.

मला जीपमध्ये घालणारे ते हवालदार मालवणकडचे. वयाने माझ्यापेक्षा बरेच मोठे, पेन्शनीला आलेले. पोलीस लाईनीत आमच्या खोल्या एकाच मजल्यावर होत्या. त्यांच्या मुलीला लहानपणी पेजेचा टोप अंगावर कलंडून भाजलं होतं. उजव्या जबड्यापासून गळ्यापर्यंत व्रण होता, कातडी गोळा होऊन ओढली गेलेली. त्यामुळे मान एका बाजूला पूर्ण वळायची नाही. मुलगी हुशार. कॉलेज झालं होतं आणि लाईनीतल्या पोरांच्या शिकवण्या घेत होती.

एका रविवारी त्यांच्याकडे घावणे खायला मी बसलो होतो. हवालदार हळूच म्हणाले, “साहेबानू, चेडवाचा लगीन ठरवूचा आसा. दोन ठिकाणान नकार इलो. तुमच्या त्या डॉक्टराक इचारू काय?”

मुलगी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती म्हणाली, “बाबा, मी महापालिकेच्या इस्पितळात जाऊन आलेय ना. त्यांनी तारीख दिलीय.”

“काय म्हणाले ते?” मी विचारलं.

“मांडीची कातडी काढून गळ्याला लावतील. दोन-तीन ऑपरेशनं लागतील, मध्ये काही महिने जातील. डाग जाणार नाही म्हणाले. फिका होईल, आणि मान वळेल.”

“डाग जाणारच नाही तर एवढे हाल कशाला?” मी म्हणालो. “आपला डॉक्टर एका बैठकीत करून देईल.”

“काका, ते डॉक्टर शिकले कुठे?”

मी हसलो. “अगं, मी पोलीस आहे. चोर कोण, साव कोण, एवढं कळत नाही का मला?” आणि नेहमीप्रमाणे मान पुढे करून भुवई दाखवली. “शोध, कुठं आहे खूण.”

तिने जवळ येऊन नीट पाहिलं. थट्टेवारी नेलं नाही. म्हणाली, “खरंच दिसत नाही. पण काका, तुमचं फाटलं होतं, ते त्यांनी शिवलं. माझं भाजलंय. तिथं शिवायला कातडीच कुठंय?”

घरातल्या सगळ्यांत शहाणा प्रश्न तिचा होता. मी काय म्हणालो? “तू डॉक्टर झालीस की मग त्याला शिकव.” सगळे हसले. तीही हसली, मोठ्यांनी थट्टा केली की मुली हसतात तशी. दुसऱ्या दिवशी मी ठाण्यातून डॉक्टरला फोन लावला. “आमच्या घरची मुलगी आहे. गळ्याचा व्रण आहे. नीट करा.” तो म्हणाला, “साहेब, तुम्ही सांगितलं म्हणजे झालं. येत्या रविवारी पाठवा, दवाखाना बंद असतो, निवांत करू.” इस्पितळाची तारीख तिने सोडून दिली.

त्यानंतर हवालदार रजेवर गेले. मुलीला ताप आहे म्हणाले. मग रजा वाढवली. मीही माझ्या कामात होतो. एकाच मजल्यावर राहून मला शंका आली नाही, कारण त्यांचं दार लावलेलं असायचं आणि मी घरी फक्त झोपायला जात होतो.

खबर आली ती वेगळ्याच वाटेने. बेवारस प्रेतांचे फोटो काढायला आम्ही हद्दीतल्या एका स्टुडिओवाल्याला बोलवायचो. तिरसट माणूस, पण काम चोख. एके दिवशी दुपारी तो ठाण्यात आला, खुर्ची ओढून बसला आणि शिपाई बाहेर जाईपर्यंत गप्प राहिला.

“साहेब, माझं नाव कुठे येणार नाही ना?”

“काय केलंस ते आधी सांग.”

“केलं काय म्हणजे, धंदा केला. तुमच्या त्या टाकेवाल्या डॉक्टरकडे फोटोंचा अल्बम आहे. डावीकडे आधीचा, उजवीकडे नंतरचा. गिऱ्हाईकाला तो दाखवतो. त्यातले अर्धे ‘नंतर’ माझे आहेत.”

“तू काढलेले?”

“मी केलेले. निगेटिव्हवर पेन्सिल फिरवायची. लग्नाच्या फोटोत आम्ही देवीचे व्रण काढतो, मुरमं काढतो, तसंच. मी म्हटलं असेल कुणाच्या हौसेचं. एकदा तर त्यानं दोन बहिणींचे फोटो आणले आणि धाकटी ‘आधी’ केली, थोरली ‘नंतर’.” तो थांबला. “हसू नका साहेब, मीही तेव्हा हसलो होतो. आता हसू येत नाही. तुम्ही जाऊन अल्बम बघा. मागून दुसरं पान.”

“त्यात काय आहे?”

“बघा ना यार,” तो म्हणाला, आणि साहेबाला यार म्हटलं हे लक्षात येऊन उठून उभा राहिला. “मी सांगणार नाही.”

आमच्या खात्यात एक वाक्य फार कामाचं असतं. कागदपत्र हातात नसताना कुणाच्या घरात शिरून नजर फिरवायची असली की म्हणायचं, “इकडून जात होतो, म्हणून डोकावलो.” नव्या पोरांना मी हे वाक्य शिकवायचो. आवाज साधा ठेवायचा, पाणी मागायचं, बसायचं. त्या संध्याकाळी मी साध्या कपड्यांत दवाखान्यात गेलो आणि तेच वाक्य म्हणालो. डॉक्टरने सरबत मागवलं. मी अल्बम मागितला, तर त्याने कौतुकाने पुढे ठेवला.

मागून दुसऱ्या पानावर हवालदारांची मुलगी होती. डावीकडच्या फोटोत व्रण होता. उजवीकडच्या फोटोत गळा स्वच्छ होता.

माझी पहिली प्रतिक्रिया लिहितो, कारण आता काही लपवायचं नाही. मला आनंद झाला. वाटलं, झालं की पोरीचं काम, आणि हवालदार उगाच ताप सांगतायत, आश्चर्याचा धक्का द्यायचा असेल. क्षणभर मी त्या फोटोकडे बापासारखा बघत बसलो. मग लक्षात आलं. दोन्ही फोटोंत केसांची एकच बट कानावरून पुढे आली होती. दोन्हींत ब्लाऊजच्या बाहीला तीच चुणी होती. दोन्ही फोटो एकाच क्षणाचे होते.

“छान झालंय,” मी म्हणालो. “कधीचा हा नंतरचा फोटो?”

“आत्ताचाच, साहेब. तुमचीच कृपा.”

नंतर स्टुडिओवाल्याने सांगितलं ते असं. मुलीच्या लग्नासाठी काढलेल्या फोटोची निगेटिव्ह त्याच्याकडेच होती. मुलगी तपासायला गेली तेव्हा डॉक्टरने तिला पाहिलं होतं; स्टुडिओत तिचा फोटो ओळखून त्याने निगेटिव्ह मागितली आणि गळा साफ करून घेतला. ‘नंतर’चा फोटो तयार झाला तेव्हा मुलीचं ऑपरेशन व्हायचं होतं.

मी तिथून सरळ लाईनीत आलो आणि हवालदारांचं दार वाजवलं. वहिनींनी, म्हणजे हवालदारांच्या बायकोने, दार अर्धं उघडलं आणि मला बघून पदर तोंडाला लावला. मुलगी खिडकीशी बसली होती. डॉक्टरने गळ्यावरची गोळा झालेली कातडी कापून काढली होती आणि उरलेली ओढून शिवली होती. ती कातडी तग धरू शकली नाही. टाके सुटले, पू झाला, काही कातडी काळी पडून गळाली आणि जखम भरताना सगळंच खाली ओढलं गेलं. खालचा ओठ उजवीकडून ओघळला होता. तोंड पूर्ण मिटत नव्हतं. हातात रुमाल होता आणि ती तो सारखा ओठाला लावत होती.

“काका,” ती म्हणाली.

काका म्हणायला ओठ मिटावे लागत नाहीत. बाबा म्हणायला लागतात. तिला ते म्हणता येत नव्हतं. हे मला वहिनींनी सांगितलं.

मी हवालदारांवर ओरडलो. “मला का नाही सांगितलंत?”

ते भिंतीकडे बघत म्हणाले, “तुमचो माणूस साहेबानू. तुमचा नाव इला असता.”

नोकरीत मला पुष्कळांनी वाचवायचा प्रयत्न केला आहे. असं कुणी वाचवलं नाही.

मी वरिष्ठांना सगळं सांगितलं. सगळं म्हणजे अल्बम, फोटो, मुलीची अवस्था. फोनचं सांगितलं नाही. तपास माझ्याकडे आला. महापालिकेच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांनी फिर्याद दिली, पंच घेऊन दवाखान्याची झडती झाली. मागच्या खोलीत लाकडी टेबल, एक दिवा, स्टोव्हवर हत्यारं उकळायचं पातेलं. भुलीचं इंजेक्शन तो स्वतःच द्यायचा आणि स्वतःच कापायचा. पेशंटचा श्वास कोण बघत होतं, असं वैद्यकीय अधिकाऱ्यांनी विचारलं तेव्हा तो म्हणाला, “आजवर काही झालं नाही.” अधिकाऱ्यांनी चष्मा काढून डोळे पुसले आणि मला म्हणाले, “ही मुलगी जिवंत आहे हे तिचं नशीब समजा.”

चौकशीत तो डॉक्टरच नाही हे निघालं. वैद्यकीय शिक्षण अर्धवट सोडलं होतं. परगावी एका सर्जनच्या हाताखाली काही वर्षं काम केलं, तिथं टाके शिकला. ते खरोखर चांगले शिकला, हे मी आजही नाकारणार नाही. पाटीवरची अक्षरं पोस्टाने मागवलेल्या कसल्याशा प्रमाणपत्रांची होती. वैद्यकीय परिषदेकडे त्याची नोंदणी नव्हती.

तो घाबरला नव्हता. कोठडीतून माझ्या खोलीत आणल्यावर त्याने माझ्या भुवईकडे पाहिलं.

“चांगली बसलीय, साहेब.”

“मुलीचं बोल.”

“कुठली मुलगी? हां, ती. जुना व्रण चिघळला होता, म्हणून आली. मी मलमपट्टी केली. ऑपरेशन मी केलंच नाही.”

“केलं नाहीस? रविवारी बोलावून केलंस.”

“रविवारी बोलावलं हे कोण सांगणार?” तो अगदी शांतपणे म्हणाला. “मला फोन आला होता, असं कुणी सांगणार असेल तर सांगू द्या. मग त्या माणसाला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं राहावं लागेल. वकील विचारेल, डिग्री बघितली होती का? ठाण्यातली किती माणसं तिथं जायची? जीप कशाला उभी असायची? तुमचं वय काय साहेब, प्रमोशन जवळ आलं असेल ना?”

मी त्याला परत कोठडीत पाठवलं. खोलीत एकटा बसलो. कायदा मला स्वच्छ माहीत होता. ऑपरेशन ठरवून केलं होतं, या मुलीच्या आणि आईबापाच्या सांगण्याला बाहेरून आधार देणारा पुरावा एकच होता, माझा फोन. मी तपास दुसऱ्याकडे द्यायला हवा होता आणि स्वतः साक्षीदार व्हायला हवं होतं. त्यात गुन्हा कबूल करण्यासारखं काही नव्हतं. फार तर खात्याची चौकशी झाली असती, बढती अडली असती, चार लोक हसले असते.

मुलीचा जबाब घ्यायला मी तिच्या घरी गेलो. बाईमाणसाला ठाण्यात बोलवायचं नसतं. वहिनी शेजारी बसल्या, हवालदार दाराशी उभे राहिले. माझ्याच हाताखालचा माणूस स्वतःच्या घरात माझ्यासमोर उभा होता. मी बसा म्हणालो तरी बसले नाहीत.

आमच्या जबाबांची एक ठरलेली भाषा असते. ‘समक्ष विचारलेवरून सांगते की’ अशी सुरुवात. ती बोलायची, थांबायची, रुमाल लावायची. काही शब्द वहिनी समजावून सांगत होत्या. मी विचारलं, “त्या दवाखान्यात कशी गेलीस?”

तिने उत्तर द्यायला वेळ घेतला नाही. “काकांनी सांगितलं.”

हे वाक्य स्पष्ट आलं. वहिनींना समजावून सांगावं लागलं नाही.

मी लिहिलं, ‘गळ्यावरील भाजल्याचा व्रण जावा म्हणून मी स्वतःहून सदर दवाखान्यात गेले.’ पुढे लिहीत गेलो. शेवटी सगळा जबाब वाचून दाखवला. त्या वाक्याशी आलो तेव्हा माझा आवाज बदलला नाही. ते आम्हाला शिकवलेलंच असतं. तिने मान वर केली आणि माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता म्हणेल. मी म्हणालो, “बरोबर आहे ना?”

दारातून हवालदार म्हणाले, “बरोबर आसा.”

तिने बापाकडे पाहिलं आणि मान हलवली. तपासातल्या जबाबावर सही घेत नाहीत. खाली फक्त लिहायचं, ‘वाचून दाखविला, माझे सांगणेप्रमाणे बरोबर आहे.’ ते मी लिहिलं.

खटला उभा राहायला वर्षं गेली. तोवर माझी बदली झाली होती. साक्षीला मी गेलो, तीही आली होती. मधल्या काळात इस्पितळाच्या प्लास्टिक सर्जरी विभागात तिची ऑपरेशनं सुरू झाली होती. तिथल्या डॉक्टरांनी तिला परत तेच सांगितलं होतं, जे पहिल्यांदा सांगितलं होतं. एवढंच की आता दोन-तीन ऑपरेशनांत भागणार नव्हतं.

आरोपीचा वकील तिला म्हणाला, “सुंदर दिसायची फार घाई झाली होती, नाही का?”

तिने रुमाल ओठाला लावला.

“तुम्हाला कुणी पाठवलं नव्हतं? जबाबात लिहिलंय, स्वतःहून गेले. खरं आहे?”

मी मागच्या बाकावर बसलो होतो. हवालदार माझ्या शेजारी. तेव्हा ते निवृत्त झाले होते.

“खरं आहे,” ती म्हणाली.

“म्हणजे चेहरा बदलायच्या हौसेपायी तुम्ही आधी कुठून तरी काहीतरी करून घेतलंत आणि चिघळल्यावर माझ्या अशिलाकडे मलमपट्टीला आलात.”

“नाही. ऑपरेशन त्यांनीच केलं.”

“पुरावा?”

पुरावा मागच्या बाकावर बसला होता. मी उठलो नाही. स्टुडिओवाला आधीच फितूर झाला होता. ‘फोटो सुधारणं माझा धंदा आहे, तारीख आठवत नाही,’ म्हणाला. मी त्याच्यावर चिडलो होतो. त्याच्यात आणि माझ्यात त्या दिवशी काय फरक होता ते मला सांगता येणार नाही. आरोपीला नोंदणीशिवाय व्यवसाय केल्याबद्दल तेवढी किरकोळ शिक्षा झाली. गंभीर दुखापतीच्या आरोपातून तो संशयाचा फायदा मिळून सुटला. माझ्या सेवापुस्तकात या प्रकरणाबद्दल ‘तपास समाधानकारक’ अशी नोंद आहे.

नातीला मी परवा पुन्हा बोलावलं आणि हे सगळं सांगितलं. मग त्या चार गोष्टी सांगितल्या. डॉक्टर कुठे शिकला आणि त्याची नोंदणी कुठे आहे हे स्वतः जाऊन विचार. कुणी ओळखीचा जातो म्हणून जाऊ नकोस, मग तो पोलीस असो नाहीतर घरचा माणूस असो. भूल देणारा डॉक्टर वेगळा आहे का, काही बिघडलं तर तिथंच सांभाळायची सोय आहे का, ते बघ. फोटो बघू नकोस, ऑपरेशनला वर्ष झालेला पेशंट भेटवा म्हणावं. आणि ज्या डॉक्टरने तुला काय होणार नाही हे आधी सांगितलं, त्याच्याकडे परत जा. जो एका बैठकीत सगळं देतो म्हणतो, त्याच्या दारातून उठ. आपल्याला खरंच काय हवंय तेही स्वतःला विचार. त्या मुलीला मान वळायला हवी होती. डाग जावा हे आम्हा मोठ्यांना हवं होतं. तिने विचारलेला प्रश्न बरोबर होता, फक्त तो हसण्यावारी नेणारा माणूस तिला भेटला.

नातीने फोन पालथा ठेवला. मग म्हणाली, “तुम्ही त्यांना सॉरी म्हणालात?”

मी गेलो होतो. काही वर्षांपूर्वी, हवालदार गावी वारल्याचं उशिरा कळलं तेव्हा. ती मुलुंडला राहते. शिकवणी वर्ग चालवते, लग्न केलं नाही. तिसऱ्या मजल्यापर्यंत जिना चढताना मी वाक्य जुळवत होतो. जबाबात तुझं वाक्य मी बदललं आणि कोर्टात उठलो नाही, मला माफ कर. एवढंच. पाठ केलं होतं.

दार तिनेच उघडलं. केस पिकलेले. गळ्यावर कातडीचे वेगवेगळ्या रंगांचे तुकडे जोडलेले दिसत होते, तिने पदराने झाकले नव्हते. आत पोरं पाढे म्हणत होती. तिने त्यांच्याकडे बघायला मान मागे वळवली. पूर्ण वळली.

“या ना काका. बसा.” मग म्हणाली, “बाबा शेवटपर्यंत तुमची आठवण काढत होते.”

बाबा हा शब्द तिने लख्ख उच्चारला. मी खुर्चीत बसलो. तिने पाणी आणलं, मी प्यालो. ती समोर उभी राहून वाट बघत होती. तिची नजर एकदा माझ्या भुवईवर गेली आणि परत डोळ्यांवर आली. तिला माहीत होतं. बहुधा इतकी वर्षं ती या भेटीची वाट बघत असावी.

“काय काम होतं, काका?”

“काही नाही,” मी म्हणालो. “इकडून जात होतो, म्हणून डोकावलो.”